वरवंटा पट्टी

पाळणा फुकट होता. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्याला त्याला तेच आधी आठवतं. फुकट दिलंस ना, मग तुझा काय दोष, असं काही जण म्हणतात. फुकट होता म्हणूनच असं झालं, असं बाकीचे म्हणतात. दोघंही खोटं बोलतात.

मी मयूरी सुतार, जयसिंगपूरची. वडील सुतार, आजा सुतार. झाडतोडीवर सरसकट बंदी आली त्या वर्षी वडिलांनी रंधा पुसला, गोणपाटात गुंडाळला आणि मरेपर्यंत सोडला नाही. सागवान राहू दे, साधा प्लायसुद्धा बंगल्यांत जाऊन बसला. आमच्या वाट्याला आलं चिपाड बोर्ड.

ते बनवतात असं. ऊस गाळून जो चोथा उरतो, त्यात एक बुरशी सोडायची. पंधरा दिवसांत तिचे धागे चोथ्याच्या काडीकाडीत शिरतात आणि सगळं एकमेकांत विणून टाकतात. मग ते दाबायचं, भाजायचं, बुरशी मारायची. उरतो तो हलका, पिवळट, लाकडाच्या तोडीचा घट्ट फळा. त्यात खिळा धरत नाही, करवतीनं भुगा होतो. लेझरनं मात्र सुरी फिरवल्यावर वडी सुटावी तसा तुकडा सुटतो. म्हणून आमच्याकडं पूर्वी झेरॉक्सची असायची तशी गल्लोगल्ली कटिंगची दुकानं झाली. फाइल द्या, बोर्ड द्या, अर्ध्या तासात मांडणी घेऊन घरी जा. खाचेत खाच बसवायची, डिंक नको, स्क्रू नको.

ह्या बोर्डाला एक खोड आहे. लाकूड मोडायच्या आधी करकरतं, वाकतं, माणसाला सावध करतं. चिपाड आतून तुटतं आणि धागे वरून धरून ठेवतात. आठ दिवस, महिना, दोन महिने. मग एकदम सोडतात.

मी आराखडे काढायचे. कुठं शिकले नाही. वडिलांच्या वह्या होत्या आणि एक जुना संगणक होता. सिलिंडरखाली ठेवायची चाकाची बैठक, म्हाताऱ्यांसाठी सात खणांची गोळ्यांची पेटी, दरवाजाआड बसणारी इस्त्रीची फळी. सगळं फुकट सोडायचे. ज्याला पाहिजे त्यानं कापून घ्यावं. आमच्या वडिलांनी अर्ध्या गावाची कवाडं चहावर बसवून दिली, त्यांची लेक रेघांचे पैसे कुठून मागणार?

हे कंपन्यांना खुपणार हे उघड होतं. कायदा आला. लेझर अखंड जळत नाही, सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतं. ती उघडझाप किंचित मागंपुढं केली की कापलेल्या कडेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा उमटतात. त्यात फाइलचा नंबर, मशीनचा नंबर आणि आराखडा काढणाऱ्याचं नाव. ह्याला म्हणतात कडखूण. फोनचा कॅमेरा धरला की वाचता येते. वस्तूनं इजा केली तर कडेवर ज्याचं नाव तो गुन्हेगार. कंपन्यांना काय, त्यांच्या दारात वकील बसलेले. घाबरायचं आमच्यासारख्यांनी.

मग आला ‘घडण’. मुंबईतला मंच. तुमचे फुकटचे आराखडे आमच्याकडं द्या, आम्ही तपासतो, शिक्का मारतो, शिक्क्याशिवाय देशातलं एकही मशीन कापणार नाही. तपासायचं काम त्यांच्या ‘काटकसर’ नावाच्या यंत्रबुद्धीचं. तिचं काम समजायला सोपं आहे. वस्तूवर संगणकातल्या संगणकात भार टाकायचा. पाटाचं पाणी कुठून वाहतं बघावं, तसा तो भार कुठून कुठं वाहतो ते बघायचं. जिथून वाहत नाही तेवढा भाग काढून टाकायचा. परत भार, परत काढणं, हजार वेळा. शेवटी उरतो तो वस्तूचा हाडांचा सापळा. हुशार काम आहे, खोटं कशाला बोलू. माझ्या मांडणीचा तिनं तिसरा हिस्सा बोर्ड वाचवला होता.

पाळण्यात तिनं एक पट्टी धरली. तळाखालून आडवी जाणारी, बोटभर जाड. ‘हा भाग भार घेत नाही. काढावा.’

ती पट्टी वडिलांची. ते म्हणायचे, "पाळण्यात पहिलं लेकरू झोपत नाही मयू, वरवंटा झोपतो. तळ त्याच्या मापानं कर." आमच्याकडं बारशाला लेकराच्या आधी पाट्यावरचा वरवंटा धुऊन, त्याला टोपडं घालून पाळण्यात ठेवतात. लेकरू दगडासारखं टणक व्हावं म्हणून. वरवंटा पाच किलोचा. लेकराचा भार गादीवर पसरतो, दगडाचा एका टोकावर येतो, आणि तोही गादी घालायच्या आधी, हातातून जरा सुटून. म्हणून पट्टी. फाइलमध्ये तिचं नावच मी ‘वरवंटा पट्टी’ ठेवलेलं.

मी नाकारलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: वरवंट्यासाठी. उत्तर आलं: ‘हा शब्द भारांच्या यादीत नाही.’ परत लिहिलं, पाच किलोचा दगड, नाव ठेवताना ठेवतात. उत्तर: ‘पाळणा हे दगड ठेवण्याचे साधन नाही.’ ज्यांनी हे यंत्र घडवलं त्यांना त्यांच्या आयांनी कशात जोजवलं होतं कुणास ठाऊक. तिसऱ्या नकाराला फाइल रांगेच्या शेवटी गेली. दोन महिने थांबा.

इकडं रोज फोन. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई म्हणाली, "ताई, आठवा लागला बगा मला. मागल्या खेपंला झोळी बांधली हुती, तर झोळीत साप निघाला. तुमचा पाळणा कवा येनार?"

मी ‘मान्य’ दाबलं.

त्या बाईसाठी दाबलं असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. पण अजून एक होतं. पट्टी काढली की अख्खा पाळणा एका बोर्डात बसत होता, कोपराएवढाही तुकडा वाया जात नव्हता. पट्टीसकट दुसरा बोर्ड लागायचा. एक बोर्ड, एक पाळणा. मला ते देखणं वाटलं. आराखडा काढणाऱ्याला ही खाज असतेच. पुस्तिकेच्या नवव्या पानावर मी एक ओळ घातली: ‘बारशाआधी तळाखाली पट्टी लावून घ्यावी.’ नववं पान मी स्वतः कुठल्याही पुस्तिकेचं आजवर वाचलेलं नाही.

सात महिन्यांत पाळणा एकतीस हजार चारशे वेळा कापला गेला. त्यातला एक माझ्या भावाच्या घरात.

ऋषी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, दूध संघात कामाला. त्याची बायको स्नेहल. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मुलगी झाली. पाळणा बशीरचाचांच्या दुकानात कापला. बशीर मुजावर वडिलांचे दोस्त, पूर्वी त्यांची वखार होती, आता लेझर. शिक्का नसलेली फाइल मशीन घेतच नाही, त्यामुळं माझ्या भाचीलाही तोच बिनपट्टीचा पाळणा. मी ऋषीला म्हटलं, "बारशाआधी मी येऊन पट्टी लावते." मशीन घेईना म्हणून पट्टी हातानं, कानशीनं घासून काढली आणि माझ्या पिशवीत ठेवली. नीट आठवतंय, निळी पिशवी.

बारशाच्या दिवशी सकाळपासून माझ्या डोक्यात एकच. नाव ठेवायचा मान आत्याचा. मी नाव ठरवलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. घुगऱ्या, पेढे, बायका, गडबड. निळी पिशवी स्वयंपाकघराच्या दाराआड खुंटीला होती.

स्नेहलनं वरवंटा दोनदा धुतला, हळद लावली. टोपडं तिनंच शिवलं होतं, लाल खणाचं.

"बगा, दगडापरास टोपडंच भारी झालंय," शेजारच्या काकू म्हणाल्या. "लेकीला काय घालशील गं मग?"

"लेकीला आत्या घालंल की सोनं," स्नेहल म्हणाली. "फुकट वाटत बसत्यात सगळ्यांस्नी, घरात तरी काय द्या म्हणावं."

सगळ्या हसल्या, मीही हसले. वरवंटा माझ्या हातात दिला. हळदीनं निसरडा झाला होता. खाली टेकवताना शेवटचं वीतभर अंतर तो सुटलाच.

टक.

लहानसा आवाज. बायका गात होत्या, कुणाला ऐकू गेला नाही. मला गेला. आणि मी, सुताराची लेक, काय समजले? ह्या पाळण्याच्या खाचा घट्ट ठेवलेल्या असतात, पहिल्या वजनाला त्या टक करून आपल्या जागी बसतात. त्या आवाजाचा मला नेहमी आनंद व्हायचा. मला वाटलं, खाच बसली.

वरवंटा काढला, गादी घातली, लेकरू ठेवलं. मी वाकून तिच्या कानात नाव सांगितलं. वारणा. बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले.

बारशानंतर चाळिसाव्या दिवशी दुपारी तळ सुटला. खाली शहाबादी फरशी. ऋषी कामावर, स्नेहल दोन हातांच्या अंतरावर कपडे वाळत घालत होती. दवाखान्यात नेईपर्यंतसुद्धा काही राहिलं नव्हतं. ह्याहून जास्त मी लिहिणार नाही.

चौथ्या दिवशी वस्तू सुरक्षा खात्याचा माणूस आला. ऋषी भिंतीला टेकून बसलेला, मी उंबऱ्यात. त्यानं तुटलेल्या तळाच्या कडेवर फोन धरला आणि मोठ्यानं वाचलं, दुकानात वस्तूची किंमत वाचतात तसं. "मशीन, मुजावर कटिंग. आराखडा, मयूरी सुतार." मान वर करून विचारलं, "ह्या कोण?"

"आत्या," ऋषी म्हणाला.

त्याच दिवशी बशीरचाचांच्या मशीनला सील लागलं.

आठवड्यानं घडणच्या वकीलबाई आल्या, निमकर नावाच्या. माझ्या खोलीत चहा घेतला. बोलायला गोड, आणि कामात पक्क्या.

"मयूरीताई, आमच्या तपासणीत पाळणा पास आहे. पंधरा किलो भार घेतो. बाळ साडेचार किलोचं. म्हणजे आराखड्यात चूक नाही. तुमचीही नाही, आमचीही नाही."

"पट्टी काढायला तुम्ही लावलंत."

"सुचवलं. मान्य कुणी केलं?"

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"मुजावरांच्या मशीनची लेन्स घाण होती असं अहवालात येऊ शकतं. लेन्स घाण असली की कड जास्त जळते, बोर्ड कमजोर होतो. साठी उलटलेला माणूस आहे, न्यायाधीश फार कडक वागणार नाहीत. परवाना जाईल, चारसहा महिने आत. तुमचं नाव सुटेल. पट्टी आम्ही नव्या आवृत्तीत गुपचूप घालू."

"आणि कापून गेलेल्या एकतीस हजारांचं काय?"

"त्यांना कळवायचं म्हणजे दोष होता असं कबूल करायचं." त्यांनी कप खाली ठेवला. "बहुतेकांची बारशी होऊन गेली असतील. काही होत नाही."

"बारशी होऊन गेलीत हेच तर होतंय बाई."

त्यांना कळलं नाही. मीही समजावलं नाही. तळ दगडानं तुटला हे अजून कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी तो शब्द त्यांच्या पुढ्यात टाकला असता तर दुसऱ्या दिवशी त्यांनी तो ऋषीच्या अंगावर फेकला असता: पालकांकडून गैरवापर.

दुसरा रस्ता एकच होता. माघार. आराखडा काढणारा स्वतः फाइल मागं घेऊ शकतो. मग ती ज्या ज्या मशीनवर कधी कापली गेली ते प्रत्येक मशीन अडतं, कारण पडद्यावर येतं, आणि कुणाकुणाला कापून दिलं त्या गिऱ्हाइकांना दुकानदारानं कळवल्याशिवाय पुढं चालत नाही. कायद्यातली ही एवढीच शहाणी गोष्ट. पण तिला शेपूट आहे. माघार म्हणजे गुन्ह्याची कबुली. तीन वर्षं तुरुंग आणि जन्मभर रेघ ओढायला बंदी. म्हणून आजवर कुणी घेतलेली नाही.

मी बशीरचाचांकडं गेले. सील लागलेल्या मशीनशेजारी स्टुलावर बसले होते, हातात लेन्स पुसायचं मऊ कापड.

"रोज सकाळी पुसतो मयू," ते म्हणाले. "नमाज एकदा चुकंल, लेन्स नाही चुकली. तुझ्या बापाची शपथ."

"माहितीये चाचा."

"मग त्यांना सांगा की कुणीतरी."

ऋषीला मी दूध संघाच्या फाटकाबाहेर गाठलं. पाळी सुटत होती. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "म्हातारा लेन्स पुसत नव्हता म्हणं. त्याला मी सोडत नाही."

"कुणी सांगितलं?"

"वकीलबाईनं."

मग मी त्याला सगळं सांगितलं. पट्टी, मान्य, निळी पिशवी, निसटलेला दगड, टक. "चाचांचं मशीन बरोबर होतं. आवाज मी ऐकला होता ऋषी. मला वाटलं खाच बसली."

माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी सायकली काढत होती. मग तो अगदी हळू म्हणाला, "स्नेहलला सांगू नको."

"माघारीत कारण लिहावं लागतं. ते सगळ्या मशीनवर येणार."

"आक्का, तो वरवंटा तिनं धुतला. टोपडं शिवलं. हळद लावली. तिला कळलं तर ती जगणार नाही. आधीच जेवत नाही." त्यानं माझा हात धरला, दुखेल इतका. "म्हाताऱ्याला मी काय करणार नाही. शपथ. तू फक्त गप बस."

"आणि ते एकतीस हजार?"

"ते माझे नव्हेत."

हे वाक्य वाईट आहे असं म्हणायची माझी लायकी नाही. त्याचं एकच होतं आणि ते मी घालवलं होतं. त्यानं हात सोडला. "लिहिलंस तर परत घरी यायचं नाही," म्हणाला आणि गेला.

मी दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत कुठं काही झालं असेल का, हा हिशेब मला आजही करवत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि उदगाव नाक्यावरच्या कटिंगच्या दुकानात गेले. माघार परवान्याच्या मशीनवरूनच घ्यावी लागते, अंगठा लावून. दुकान एका ओळख नसलेल्या बाईचं. मशीन चालू होतं. काचेच्या झाकणाखाली निळा ठिपका पळत होता आणि मी बघत राहिले, कारण ती वळणं माझी होती. पाळण्याची कमान. बाकावर एक गरोदर बाई वाट बघत बसलेली, मांडीवर फरसाणाचा पुडा.

दुकानदार बाईनं बाजूचा पडदा मला उघडून दिला. मी भरायला लागले. फाइल नंबर. आराखडा काढणाऱ्याचं नाव. दोष काय? लिहिलं: तळाखालची पट्टी काढली. काढायची नव्हती हे मला माहीत होतं. दोष कसा कळला? लिहिलं: बारशाला पाळण्यात वरवंटा ठेवतात, तो मी ठेवला. बोर्ड आतून तुटला, तो आवाज मी ऐकला आणि दुर्लक्ष केलं. मी, मी, मी. स्नेहलचं नाव कुठं नाही, टोपड्याचं नाही, हळदीचं नाही. तिच्या वाटणीचं जेवढं काढता आलं तेवढं मी काढून टाकलं. यंत्रानं मला शिकवलेलं तेवढंच उपयोगी पडलं. तरी ती वाचेल आणि तिला सगळं कळेल, हे मला माहीत होतं.

शेवटचा रकाना. मयताचं नाव.

ते नाव मी एकदाच उच्चारलं होतं, एका कानात. त्यानंतर घरात सगळे तिला पिल्लूच म्हणायचे, बावन्न दिवसांच्या आयुष्यात नावाची गरज कितीशी पडणार. दवाखान्याच्या कागदावरही ‘सुतार यांची मुलगी’ एवढंच होतं. मी लिहिलं: वारणा ऋषिकेश सुतार. अंगठा लावला.

मशीन मधेच थांबलं. निळा ठिपका विझला. कमान अर्धी कापलेली, अर्धी बोर्डातच. पडद्यावर लाल अक्षरं आली आणि दुकानदार बाई चष्मा लावून वाचायला लागली. वाचता वाचता तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा माझ्या अंगठ्याकडं.

बाकावरची बाई उठली. "काय ओ, झालं न्हवं?"

"बंद पडला," दुकानदार बाई म्हणाली. "हा पाळणा आता मिळायचा नाही."

"फुकटातलं असंच असतंय," ती वैतागून म्हणाली. "आमच्या गल्लीत चार जणींकडं हाय ह्योच. माझ्याच वेळंला बंद पडायचा हुता."

माझ्या हातात निळी पिशवी होती. त्यात ती एक पट्टी अजून तशीच होती. मी दुकानदार बाईला म्हटलं, उरलेल्या बोर्डातून हातानं पट्ट्या काढू या, दोन बोटं रुंद, कानशीनं घासून, मशीन नको. ती कानस शोधायला लागली. मी त्या गरोदर बाईकडं वळले.

"चौघींचे फोन नंबर आहेत का?"

"हायत की. काय सांगू?"

"उचला म्हणावं. लेकरू आधी पाळण्यातनं उचला. मग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या."